साताऱ्याच्या वाटांवर माउंटन बाइकला कितीचा टायर?

रुंद टायर विकत घेऊन त्यात जुन्याइतकीच हवा मारली, तर सायकल पूर्वीपेक्षा जास्त उडते. मग "रुंद टायर नुसताच जड, उपयोग काही नाही" असा समज होतो आणि पुढच्या वेळी माणूस परत २.१ इंची टायरवर येतो. दोष टायरचा नसतो, हवेचा असतो.

टायरच्या कापडावर येणारा ताण म्हणजे हवेचा दाब गुणिले टायरच्या गोलाईची त्रिज्या. दाब तोच ठेवून २.१ इंचांच्या जागी २.४ इंचांचा टायर घातला, तर हा ताण १४ टक्क्यांनी वाढतो आणि टायर तेवढाच ताठ होतो. पूर्वीइतका मऊपणा राखायचा असेल तर ३२ पीएसआयचे (पीएसआय हे हवेच्या दाबाचं माप) २८ करावे लागतात. आणि रुंद टायर घ्यायचा तो त्याच्याही खाली जाता यावं म्हणून. टायर रुंद झाला की उंचही होतो. रिम आणि दगड यांच्यामधली हवेची गादी वाढते. त्यामुळे कमी हवेतही रिमला ठोका बसत नाही. म्हणून रुंदी ठरवण्याआधी आपल्या रोजच्या वाटेवर हवा किती खाली आणायची आहे ते ठरवावं. तेवढी कमी हवा सांभाळणारा, आणि आपल्या रिममध्ये व फ्रेममध्ये नीट बसणारा टायर आपला.

हवा कमी असण्याने काय मिळतं, ते आकड्यांत पाहू. स्वार, सायकल, पाणी, हत्यारं धरून ८५ किलो वजन आहे, त्यातले साधारण ५१ किलो मागच्या चाकावर येतात. टायरच्या भिंतीचा स्वतःचा ताठरपणा बाजूला ठेवला, तर ४० पीएसआयला मागचा टायर जमिनीला जेमतेम १८ चौरस सेंटिमीटर टेकतो. २५ पीएसआयला तो २९ चौरस सेंटिमीटर टेकतो. पकड वाढते ती इथे. दाब एकच असेल तर अरुंद आणि रुंद टायरचं टेकलेलं क्षेत्रफळ जवळजवळ सारखंच असतं. अरुंद टायरचा ठसा लांबट पडतो, रुंदचा आखूड आणि पसरट, एवढाच फरक.

दुसरा फायदा चढावर कळतो. गुळगुळीत डांबरावर जास्त हवेचा टायर हलका पळतो, हे खरं. पण खडीवर किंवा दगडी वाटेवर तोच टायर प्रत्येक दगडाशी सायकल आणि स्वार दोघांना वर उचलतो, आणि ती ताकद तुमच्या पायातूनच जाते. कमी हवेचा टायर दगड स्वतःत दाबून घेतो आणि सायकल सरळ पुढे जाते. क्रॉस-कंट्रीच्या जागतिक शर्यतींत पूर्वी २ इंचांच्या आसपासचे टायर चालायचे, आज तिथे २.२५ पासून २.४ पर्यंतचे सर्रास दिसतात. हा बदल आरामासाठी झालेला नाही, वेगासाठी झाला आहे.

वजनाची भीती मात्र जास्तच घातली जाते. २९ इंची चाकाचा २.२५ चा हलका टायर ७०० ग्रॅमच्या आसपास असतो, २.४ चा मध्यम जाड टायर ९०० च्या. दोन्ही चाकं मिळून ४०० ग्रॅमचा फरक. एकूण ८५ किलोंत तो अर्धा टक्का होतो. चाळीस मिनिटांच्या घाटाला दहा-बारा सेकंद. डांबरावर टायर जड लागतो तो बहुतेक वेळा मऊ रबरामुळे आणि उंच, विरळ बटणांमुळे, म्हणजे टायरवरच्या रबरी उंचवट्यांमुळे. तेव्हा रुंदी आणि नक्षी या दोन गोष्टी वेगवेगळ्या विचारात घ्याव्यात. बारीक, दाट बटणांचा २.४ हा उंच बटणांच्या २.१ पेक्षा डांबरावर खुशाल हलका पळू शकतो. साताऱ्यातून निघणाऱ्याने हे लक्षात ठेवावं, कारण इथली जवळपास प्रत्येक फेरी आधी डांबरावर असते. यवतेश्वरचा घाट चढा किंवा बोगद्यातून ठोसेघरच्या रस्त्याला लागा, कच्ची वाट नंतर येते.

जमीन कोणती?

जिल्हा एकच, पण पश्चिमेला महाबळेश्वर-कासचा जांभा, मध्ये कृष्णाकाठची काळी माती आणि पूर्वेला माण-खटावचा कोरडा माळ. एकाच टायरला हे तिन्ही सारखेच मानवत नाहीत.

सगळ्यात जास्त गाठ पडते ती मुरमाशी. चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांकडे जाणारे कच्चे रस्ते असोत की किल्ल्यांच्या पायथ्याच्या वाटा, खाली कडक जमीन आणि वर सुट्टा मुरूम, फरशीवर ज्वारी सांडावी तसा. अशा ठिकाणी सायकल पडते ती बहुधा पुढचं चाक वळणावर सरकल्याने. मागचं चाक सरकलं तर सावरता येतं, पुढचं सरकलं की सावरायला वेळच मिळत नाही. म्हणून इथे पुढे २.४ आणि मागे २.२५ ही जोडी चांगली चालते. पुढच्या टायरला कडेची बटणं ठसठशीत हवीत, कारण सायकल कलली की टायर त्यांच्यावरच टेकतो. मागचा टायर थोडा कमी नक्षीचा चालतो. तो चढावर हलका पळतो आणि झिजला तरी जिवावर बेतत नाही. उलट जोडी, म्हणजे मागे रुंद आणि पुढे अरुंद, करू नये.

जांभ्याचा सडा वेगळा. दगड खरखरीत असल्याने कोरडा असताना पकड उत्तम मिळते, पण तोच खरखरीतपणा रबर खातो आणि कडांना टायरची बाजू चिरतो. इथे पातळ कापडाचा, हलका म्हणून विकला जाणारा रुंद टायर घेणं चूक ठरतं. २.२५ चाच घ्या, पण बाजू जाड असलेला. पावसाळ्यात जांभ्यावर आणि पायऱ्यांवर हिरवं शेवाळ धरतं, त्यावर रुंदीचा फारसा उपयोग होत नाही. मऊ रबर, कमी हवा आणि ब्रेकला हात न लावणं, एवढंच कामाला येतं. कासच्या पठारावर मात्र रस्ता सोडूच नये. तिथे कातळावर मातीचा थर अगदी पातळ असतो आणि तीच सगळी फुलं त्या थरावर उगवतात. पश्चिम घाटाच्या ज्या भागांना २०१२ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हटलं त्यांत कास आहे. चाकाने एकदा उखडलेली ती माती पुढच्या पावसात वाहून जाते.

काळ्या मातीत गणित उलटं होतं. कराडपासून खाली सांगलीपर्यंत उसाच्या पाणंदी उन्हाळ्यात छान चालतात, पण पाऊस पडला की माती टायरला धरते, फोर्कच्या (पुढचं चाक धरणारा दुभागलेला भाग) आणि चेनस्टेच्या (फ्रेमच्या, मागच्या चाकाच्या दोन बाजूंच्या खालच्या नळ्या) फटीत साचते आणि शंभर पावलांत चाक फिरायचं थांबतं. रुंद टायर इथे जास्त माती उचलतो आणि फट आधीच कमी केलेली असते. २.० ते २.१ चा, विरळ बटणांचा टायर चिखल लवकर झटकतो. पण खरं सांगायचं तर वाफसा आल्याशिवाय या मातीत सायकल घालूच नये. अडकलेल्या मातीत वाळू-खडे असतात आणि फिरतं चाक त्यांनी फ्रेमचा रंग घासतं. कार्बनची फ्रेम असेल तर कापडाच्या थरापर्यंत चर पडतो. शिवाय ओल्या पाणंदीत पडलेली चाकोरी वाळली की दगडासारखी होते आणि पुढे महिनाभर बैलगाडीपासून शाळेच्या पोरांपर्यंत सगळ्यांना ती सोसावी लागते.

पूर्वेकडे, दहिवडी-म्हसवडच्या बाजूला, प्रश्न पकडीचा नाही, काट्यांचा आहे. सराटे आणि बाभळीचे काटे. त्याबद्दल पुढे.

रिम काय म्हणते?

टायर निवडण्याआधी रिमची आतली रुंदी बघा. रिमवर किंवा तिच्या स्टिकरवर ६२२×२५ असं काही छापलेलं असतं. त्यातला दुसरा आकडा म्हणजे आतली रुंदी, मिलिमीटरमध्ये. छापलेलं पुसलं असेल तर टायर काढून दोन्ही आतल्या भिंतींमधलं अंतर व्हर्नियरने मोजा. बाहेरचं माप घेऊ नका, ते पाच-सहा मिलिमीटर जास्त येतं आणि सगळा हिशोब चुकतो.

आतली रुंदी १९ ते २१ मिमी असेल तर २.० ते २.२५ पर्यंत थांबा. स्वस्त आणि मध्यम किमतीच्या पुष्कळ सायकलींवर हीच रिम असते. २३ ते २५ मिमीवर २.२ ते २.४ नीट बसतो. २८ ते ३० मिमी म्हणजे २.३५ ते २.६. त्याहून रुंद टायरला ३५ मिमीच्या पुढची रिम लागते, आणि आपल्या वाटांना त्याची गरजही नाही.

अरुंद रिमवर रुंद टायर घातला तर तो बसतो, फुगतो, दुकानात दिसतोही छान. पण त्याचा आकार वर फुगीर आणि खाली चिमटलेला होतो. हवा कमी केली की वळणावर टायर रिमवरच्या रिमवर डोलतो. ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब नसलेला, असेल तर कडेतून फस्सकन हवा सोडतो. मग तो डोलू नये म्हणून हवा वाढवावी लागते, आणि ज्यासाठी रुंद टायर घेतला तेच हातचं जातं. उलट, रुंद रिमवर अरुंद टायर चौकोनी होतो, कडेची बटणं सरळ चालतानाही घासतात आणि रिमची कड दगडाला उघडी पडते.

छापलेली रुंदी आणि खरी रुंदी यांतही फरक पडतो. रिमची आतली रुंदी १ मिमीने वाढली की टायर साधारण अर्ध्या मिमीच्या आत-बाहेर वाढतो. म्हणजे २.२५ चा तोच टायर २० मिमीच्या रिमवर एका मापाचा आणि ३० मिमीच्या रिमवर चार-पाच मिमीने रुंद. नवा टायर पहिल्या एक-दोन दिवसांत आणखी १-२ मिमी ताणतो. त्यामुळे "मित्राच्या सायकलला २.४ बसला" हा पुरावा धरू नका.

फ्रेममध्ये जागा किती?

मागच्या चाकाजवळ, बॉटम ब्रॅकेटच्या (पॅडलचा आस बसतो त्या भागाच्या) मागे, दोन चेनस्टेंमधलं अंतर जिथे टायर सगळ्यात रुंद असतो तिथे मोजा. सीटकडून मागच्या चाकाकडे येणाऱ्या वरच्या दोन नळ्यांमधलं, म्हणजे सीटस्टेंमधलंही मोजा. यांतलं लहान माप धरून त्यातून १२ मिमी वजा करा, म्हणजे दोन्ही बाजूंना ६-६ मिमी मोकळी राहिली. उरलेलं माप ही तुमच्या टायरच्या खऱ्या रुंदीची मर्यादा. अंतर ७० मिमी आलं तर ५८ उरतात, म्हणजे ५७ मिमीचा २.२५ बसेल, ६१ मिमीचा २.४ नाही. काळ्या मातीतून जाणं होत असेल तर १२ ऐवजी २० वजा करा. चाकात आउट असेल, म्हणजे फिरताना ते डावी-उजवीकडे डोलत असेल, तर आधी तो काढून घ्या, नाहीतर प्रत्येक फेऱ्यात टायर एका बाजूला घासेल.

पुढे सस्पेन्शन फोर्क असेल तर बाजूच्या जागेइतकीच वरची जागा महत्त्वाची. फोर्क पूर्ण दबला की टायर वरच्या आडव्या भागाला लागता कामा नये. एअर फोर्कची हवा सोडून, टायर भरलेला ठेवून, फोर्क हाताने पूर्ण खाली दाबून बघा. उतारावर खड्ड्यात टायर तिथे लागला तर पुढचं चाक जागीच थांबतं आणि स्वार हँडलवरून पुढे जातो. ही तपासणी टाळायची नाही.

व्ही-ब्रेक (दोन हातांनी रिम दाबणारे) असतील तर ब्रेकचे हात उघडल्यावर टायर त्यांच्यामधून निघतो का बघा. नाहीतर दर वेळी चाक काढताना-घालताना आधी हवा सोडावी लागते. आणि पुढे तीन चकत्यांचा सेट असेल तर चेन सगळ्यात लहान चकतीवर घालून पॅडल फिरवा, चेन किंवा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) रुंद टायरला लागत नाही ना, हे पाहा.

आकड्यांची फसवणूक

टायरवर दोन आकडे असतात. २९×२.२५ हा एक आणि ५७-६२२ हा दुसरा. भरवसा दुसऱ्यावर ठेवावा: ५७ मिमी रुंदी आणि रिमवर टायर बसतो तिथला ६२२ मिमी व्यास. साडेसत्तावीस इंची चाकाला ५८४ आणि सव्वीस इंची माउंटन बाइकला ५५९ असतो. गोंधळ सव्वीसमध्ये होतो. २६×१.९५ असं दशांश चिन्हाने लिहिलेला टायर ५५९ चा, तर जुन्या साध्या सायकलचा २६×१⅜ हा ५९० चा. दोन्ही "सव्वीस", पण एकमेकांच्या रिमवर बसत नाहीत. गावातल्या दुकानात नुसतं "सव्वीसचा टायर द्या" म्हटलं तर हाच घोळ होतो.

रुंद टायरने चाकाचा घेरही वाढतो. २९ इंचीला २.१ च्या जागी २.४ घातला की एका फेऱ्यात साधारण ५ सेंटिमीटर जास्त अंतर जातं. सायकल थोडी उंच होते आणि प्रत्येक गिअर सुमारे दोन टक्के जड लागतो. मीटर चुंबकाचा असेल तर त्यातला घेराचा आकडा बदला, नाहीतर ५० किलोमीटरचे ४९ दिसतील.

हवा किती?

टायरच्या बाजूवर छापलेला सर्वांत मोठा आकडा ही मर्यादा आहे, सल्ला नाही. तो वाचून पेट्रोल पंपावर ५० पीएसआय मारले तर २.४ चा टायरही लाकडासारखा चालेल.

वर धरलेल्या ८५ किलो एकूण वजनाला, ट्यूब असताना, सुरुवात अशी करा: २.१ असेल तर पुढे ३१, मागे ३४. २.२५ असेल तर पुढे २७, मागे ३०. २.४ असेल तर पुढे २४, मागे २७. ट्यूबलेस असेल तर प्रत्येकी ३ कमी. एकूण वजनात दर ५ किलोंना साधारण १ पीएसआय वाढवा किंवा कमी करा. नंतर ओळखीच्या, दगड असलेल्या एका छोट्या वाटेवर दर फेरीला २ पीएसआय उतरवत जा. रिमला दगड लागल्याचा ठक्क आवाज आला किंवा वळणावर टायर बाजूला झुकल्यासारखा वाटला की २ वाढवा आणि तो आकडा लिहून ठेवा. ट्यूबमध्ये शेजारी-शेजारी दोन बारीक चिरा पडलेलं पंक्चर आलं, तर ते काट्याचं नाही. रिम आणि दगडाच्या मध्ये ट्यूब चिमटली आहे, म्हणजे हवा कमी पडली.

पंपावरचा काटा १६० पर्यंतचा असेल तर २५ च्या आसपास तो सहज २-३ ने चुकतो. कमी दाबाचं वेगळं गेज घेणं हा या सगळ्यातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक खर्च आहे. थंडीतही लक्ष ठेवा: डिसेंबरात पहाटे १२ अंशांत भरलेले २४ पीएसआय दुपारी ३२ अंशांत साडेसव्वीसच्या आसपास पोचतात. परतीच्या उतारावर सायकल अचानक उडू लागली तर आधी हवा तपासा.

काटे

रुंद टायरने काटे थांबत नाहीत. जमिनीचा जास्त पट्टा झाडला जातो, त्यामुळे सराटे उलट जास्तच लागू शकतात. बाभळीचा काटा कुठल्याही रबरातून आरपार जातो. पूर्वेच्या माळावर नियमित जाणाऱ्याने रुंदीवर पैसे घालण्याआधी ट्यूबलेस करून घ्यावं. टायर आणि रिम दोन्ही ट्यूबलेसचे असावेत, रिमला ट्यूबलेसची टेप आणि व्हॉल्व लावावा, आणि २९×२.२५ ला ८० ते १००, २.४ ला १०० ते १२० मिली सीलंट, म्हणजे भोक आपोआप बुजवणारं द्रावण, घालावं. आपल्याकडच्या उन्हात ते दोन-तीन महिन्यांत आटतं. चाक कानाजवळ हलवून आत डुचमळल्याचा आवाज येत नसेल तर भर घालायची वेळ झाली. काटा रुतलेला दिसला तर तो उपसून भोक खाली येईल असं चाक फिरवा आणि अर्धा मिनिट थांबा, सीलंट भोकात जाऊन धरतं. तरीही एक ट्यूब सोबत ठेवाच. बाजू चिरली तर सीलंट काही करू शकत नाही.

ट्यूबलेस जमत नसेल, तर व्हॉल्वची आतली सुई निघणारी ट्यूब घेऊन तिच्यात ६० ते ८० मिली सीलंट घालता येतं. ट्यूबवर छापलेल्या मापात तुमच्या टायरची रुंदी बसली पाहिजे. लहान ट्यूब ताणून पातळ होते आणि लगेच फाटते, मोठी आत दुमडते आणि घडीवर घासून जाते.

तर साताऱ्यात राहून सगळीकडे थोडं-थोडं फिरणाऱ्याने, रिम २५ मिमीची आणि फ्रेममध्ये जागा असेल तर, पुढे २.४ आणि मागे २.२५ घ्यावा. रिम २० ची असेल तर दोन्हीकडे २.२५, आणि वाचलेले पैसे ट्यूबलेसवर किंवा गेजवर घालावेत. मुख्यतः डांबर आणि पाणंदी असतील तर बारीक नक्षीचा २.१ पुरतो. २.६ चा विचार फक्त रुंद रिम असलेल्या, उतारावर भर देणाऱ्या सायकलसाठी करावा. दोन्ही चाकांना सारखाच टायर असेल तर मागचा आधी झिजतो. तेव्हा नवा टायर पुढे घाला, पुढचा काढून मागे टाका, आणि बाजूवरचा फिरण्याच्या दिशेचा बाण बघूनच बसवा.